तेल्याचा जंतू झाडाला कळतो का? कळतो, आणि तोही काही मिनिटांत

देवळ्याकडच्या एका डाळिंबवाल्या भाऊंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. चार एकर भगवा जातीचं डाळिंब, मागच्या मृग बहारात, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर धरलेल्या बहारात, तेल्यानं, म्हणजे तेलकट डाग पाडणाऱ्या जंतूच्या रोगानं, अर्ध्याहून जास्त फळं गेली, आता दुकानदार म्हणतो झाडाची इम्युनिटी वाढवा आणि हातात एक बाटली देतो. तर झाडाला खरंच इम्युनिटी असते का? रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, मग पानावर बसलेला जंतू झाडाला कळतो कसा? आणि कळत असेल तर मग तेल्या येतोच कसा?

भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे आणि बाटली घ्यायची की नाही हे त्याच्याच उत्तरात आहे. मी नाशकात बावीस वर्षं पिकांचे रोग बघतोय, लॅबमध्येही आणि कसमादेतल्या, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यातल्या बागांमध्येही, आणि मला मनापासून वाटतं की झाड आतून काय करतंय हे ज्याला कळलं त्याचे फवारणीचे निम्मे निर्णय आपोआप बदलतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. हो, झाडाला इम्युनिटी असते, आणि जंतू आलाय हे त्याला काही मिनिटांत कळतं. फक्त आपल्या अंगात जशा गस्त घालणाऱ्या पेशी फिरतात तशा झाडात नाहीत, झाडाची पेशी भिंतीत चिणलेली असते, ती जागची हलू शकत नाही. त्यामुळे राखणदारीचं काम प्रत्येक पेशीलाच करावं लागतं. पानातली जवळपास प्रत्येक पेशी स्वतःच्या बाहेरच्या पडद्यावर नाक लावून बसलेली असते. ह्या नाकांना रिसेप्टर म्हणतात.

आता हे नाक वास कशाचा घेतं ते बघा. तेल्याचा जंतू झॅन्थोमोनास कुळातला, काडीसारखा, आणि एका टोकाला एक लांब शेपटी. पानावर दवाचा किंवा पावसाचा थर असला की ही शेपटी गरागरा फिरवत तो पोहत जातो. शेपटी बनते फ्लॅजेलिन नावाच्या प्रोटीनच्या हजारो विटा रचून. आणि प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडच्या मण्यांची माळ. स्वित्झर्लंडमधल्या बासेलला थॉमस बोलर आणि जॉर्ज फेलिक्स यांच्या गटानं टोमॅटोच्या पेशी द्रवात वाढवल्या, त्यात जंतूचा अर्क थोडासा टाकला की काही मिनिटांत त्या द्रवाचा पीएच वर चढायचा, म्हणजे पेशींना काहीतरी जाणवलंय हे बाहेरून मोजता यायचं. मग तो अर्क तोडत तोडत ते नेमक्या तुकड्यापर्यंत पोचले, तो फ्लॅजेलिनमधला फक्त २२ मण्यांचा तुकडा निघाला. हे १९९९ साली छापून आलं. पुढच्याच वर्षी, २००० साली, तो ओळखणारा रिसेप्टर अरॅबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या घराण्यातल्या छोट्या रोपात सापडला, त्याला एफएलएस-२ म्हणतात. टोमॅटो, भात, द्राक्ष ह्यांच्यातही तो आहे.

हे नाक किती तिखट आहे सांगतो. एका नॅनोमोलरच्या आसपास तो तुकडा असला तरी पेशी जागी होते. आपल्या हिशोबात सांगायचं तर दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये साधारण २३ मिलिग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही.

झाडानं नेमके हेच २२ मणी का धरले? कारण हा शेपटीचा असा भाग आहे की जंतूला तो सहजासहजी बदलता येत नाही, बदलला तर शेपटी नीट जुळत नाही आणि पोहणं बंद. चोर तोंड झाकू शकतो पण पाय काढून ठेवू शकत नाही, तसं. असे अजून बरेच धागे झाड पकडतं. जंतूच्या पेशीत प्रोटीन बनवायला लागणारा ईएफ-टीयू नावाचा घटक आहे, त्याचं सुरुवातीचं टोक मोहरी-कोबीच्या घराण्यातली झाडं ईएफआर नावाच्या रिसेप्टरनं ओळखतात, हे २००६ साली कळलं. जंतूच्या भिंतीचे तुकडे, थंडीत तयार होणारं एक प्रोटीन, बुरशीच्या भिंतीतलं कायटिन, सगळ्यांना वेगवेगळी नाकं. आणि गंमत म्हणजे टोमॅटोत ईएफआर मुळात नाही, पण २०१० साली तो टोमॅटोत बसवून बघितला तर मर रोग आणणाऱ्या राल्स्टोनिया नावाच्या जंतूला आणि झॅन्थोमोनासलाही चांगला टक्कर द्यायला लागला. म्हणजे टोमॅटोकडे लढायची ताकद होतीच, ओळखायचं नाक तेवढं कमी पडत होतं.

जंतूही गप्प बसलेले नाहीत. हाच राल्स्टोनिया, आणि द्राक्षाच्या खोडावर गाठी आणणारा ॲग्रोबॅक्टेरियम, ह्या दोघांच्या शेपटीतले ते २२ मणी इतके बदललेत की बहुतेक झाडांना ते ओळखू येत नाहीत. कोबीवर घाण्या रोग आणणाऱ्या झॅन्थोमोनासच्या काही जातींनी तर एकच मणी बदलून काम भागवलंय. पण झाडांच्या बाजूनंही कुणीतरी तोड काढलेली असते, अमेरिकेतल्या व्हिटिस रिपारिया नावाच्या रानटी द्राक्षात २०२० साली असा रिसेप्टर सापडला जो ॲग्रोबॅक्टेरियमचे बदललेले मणीसुद्धा पकडतो. नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, रानटी जाती जपायच्या कशासाठी ह्याचं हे उत्तर आहे.

बरं, नाकानं वास घेतला, पुढे काय होतं? २२ मण्यांचा तुकडा एफएलएस-२ च्या वळणदार खोबणीत जाऊन बसतो आणि लगेच बीएके-१ नावाचा दुसरा रिसेप्टर येऊन त्याला चिकटतो, दोघं जुळले की पेशीच्या आत स्विच पडतो. मिनिट-दोन मिनिटांत बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. दोन-तीन मिनिटांत पेशी बाहेरच्या बाजूला हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे जहाल पदार्थ सोडायला लागते, जखमेवर ओतलं की फसफसतं ना, तेच. दहा-पंधरा मिनिटांत त्याचा जोर शिगेला पोचतो. तोपर्यंत आतल्या निरोप्या एन्झाइमची साखळी चालू होते, शेकडो जीन जागी होतात, आणि पुढच्या काही तासांत पेशी आतल्या बाजूनं भिंतीला कॅलोज नावाच्या पदार्थाचा गिलावा मारते. हे सगळं डोळ्याला दिसत नाही, पान हिरवंगार दिसतं, आपण बांधावर उभं राहून म्हणतो बाग चांगली आहे, आणि आत लढाई होऊन गेलेली असते. एरवी पानावर रोज कितीतरी जंतू उतरतात आणि त्यातले बहुतेक काहीच करू शकत नाहीत, ते ह्याच्यामुळे.

आता येतो तुमच्या कामाच्या गोष्टीवर, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पानाच्या खालच्या बाजूला बारीक बारीक तोंडं असतात, पर्णरंध्रं. तिथली सगळ्यात बाहेरची पातळ साल चिमट्यानं सोलून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, मायक्रोस्कोपखाली दोन राजम्याच्या दाण्यांसारख्या पेशी समोरासमोर आणि मध्ये फट अशी दिसते. आधी समज असा होता की ही उघडी दारं आहेत, जंतू आला की सरळ आत. २००६ साली अमेरिकेत शेंग यांग ही यांच्या लॅबमध्ये माएली मेलोट्टो यांनी दाखवलं की जंतू जवळ आल्यावर साधारण तासाभरात झाड ही दारं लावून घेतं, आणि शेपटीचा नुसता तो २२ मण्यांचा तुकडा दिला तरी लावून घेतं. मग टोमॅटोवरचा स्यूडोमोनास नावाचा जंतू काय करतो तर कोरोनाटिन नावाचं विष सोडतो, ते झाडाच्याच एका हार्मोनची नक्कल करतं, आणि तीन-चार तासांत दारं परत उघडतात. आणि हवा अतिशय दमट असली की झाडाला ही दारं नीट लावताच येत नाहीत. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा तेल्या का धावतो ह्याचा एक धागा इथे आहे.

त्याच्याही आधी, २००४ साली, एक प्रयोग झाला तो मी प्रत्येक शिवारफेरीत सांगतो. एफएलएस-२ नसलेली रोपं घेतली आणि नेहमीची रोपं घेतली. जंतूचं पाणी वरून फवारलं तर एफएलएस-२ नसलेली रोपं जास्त आजारी पडली. पण तेच पाणी सुई नसलेल्या सिरिंजनं दाबून थेट पानाच्या आत घातलं, तर दोन्ही सारखीच आजारी. म्हणजे काय, तर हे नाक दारावर सगळ्यात जास्त कामाचं आहे. जंतूला तुम्ही दार चुकवून थेट आत नेऊन सोडलं की त्या राखणीचा फायदा फारसा उरत नाही.

आणि बागेत जंतूला आत नेऊन कोण सोडतं? गारपीट सोडते. वारा सोडतो, डाळिंबाला काटे आहेत, वाऱ्यानं काटा शेजारच्या फळाला आणि पानाला ओरखडे काढतो. आणि छाटणीची कात्री सोडते. एका बागेत मी बघितलंय, छाटणीनंतरच्या पहिल्या पावसात तेल्या आला तो असा की एकेका ओळीत सलग झाडं, मधली ओळ साफ, कारण दोन छाटणीवाले होते, एकाची कात्री रोगट झाडावरून निघाली होती आणि दुसऱ्याची नव्हती. त्या शेतकऱ्याचा चेहरा मला अजून आठवतो. कात्री प्रत्येक झाडाला सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा असं आम्ही घसा फोडून सांगतो ते ह्याचसाठी.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. एवढं सगळं असून तेल्या येतो कसा?

कारण जंतूकडे सिरिंज आहे. अगदी शब्दशः. आत शिरल्यावर झॅन्थोमोनास स्वतःच्या अंगातून एक सुईसारखी नळी काढतो, झाडाच्या पेशीला टोचतो आणि त्यातून आपली प्रोटीनं आत सोडतो, त्यांना इफेक्टर म्हणतात. ती आत जाऊन कुणी निरोप्या अडवतं, कुणी स्विच काढून टाकतं. स्यूडोमोनासचा अव्हर-पीटीओ-बी नावाचा इफेक्टर तर एफएलएस-२ लाच मोडीत काढायला पाठवतो. झॅन्थोमोनासचा अजून एक डाव म्हणजे झॅन्थन, तो चिकट पदार्थ जो आईस्क्रीम-सॉसमध्ये घट्टपणासाठी घालतात, त्याच कुळातल्या जंतूपासून काढतात. हा चिकटा बाहेरचं कॅल्शियम धरून ठेवतो, आणि कॅल्शियम आत गेलंच नाही तर धोक्याची घंटा वाजणार कशी?

आणि तेलकट डाग. हे नाव आपल्या शेतकऱ्यांनी नुसत्या डोळ्यांनी बघून दिलंय आणि ते इतकं अचूक आहे की मला दरवेळी नवल वाटतं. पानातल्या पेशींच्या मध्ये हवेच्या पोकळ्या असतात, त्यामुळे पान उजेडात अपारदर्शक दिसतं. कागदावर तेलाचा थेंब पडला की कागद आरपार दिसतो ना, तसंच त्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की पान तिथे आरपार दिसायला लागतं. ते पाणी आपोआप साचत नाही, जंतूच साचवतो. २०१६ साली स्यूडोमोनासवर दाखवलं गेलं की त्याचे ठराविक इफेक्टर पानाच्या आत पाणी धरून ठेवायला लावतात आणि हवा दमट असेल तरच ते जमतं. पुढच्या वर्षी एका झॅन्थोमोनासवरही तसंच दिसलं, त्याचा इफेक्टर झाडाचेच जीन चालू करून पेशींच्या भिंती मऊ करून घेतो आणि मग पाणी आत ओढलं जातं. म्हणजे तुम्ही जो तेलकट डाग बघता ते जंतूनं स्वतःसाठी केलेलं तळं आहे.

उद्या सकाळी एक करून बघा. संशयाचं पान सूर्याकडे धरा, डाग काचेसारखा उजळ दिसतो का बघा. दिसला तर डागाची कडा ब्लेडनं कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरा, आणि जवळपास मायक्रोस्कोप असेल तर काचपट्टीवर थेंबात ठेवून बघा. कापलेल्या कडेतून धुरासारखा एक लोट बाहेर येतो, संथ, पांढुरका. तो लोट म्हणजे लाखो जंतू. बुरशीच्या डागातून असा लोट येत नाही, आणि जंतूवरचं कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, घ्यायचं की बुरशीनाशक घ्यायचं ह्याचा निकाल दोन मिनिटांत लागतो. शेतकरी स्वतःच्या डोळ्यानं एकदा हा लोट बघतो तेव्हा त्याला कात्री धुवायला परत सांगावं लागत नाही.

झाडाची दुसरी फळीही आहे, ती पेशीच्या आत बसते. जंतूनं आत सोडलेला इफेक्टर किंवा त्यानं केलेली मोडतोड तिला कळली तर ती पेशी स्वतःलाच मारून टाकते, जंतूसकट जागा सुकवते. आमच्या लॅबच्या मागे कुंड्यांमध्ये तंबाखूची रोपं आहेत ती त्यासाठीच, १९६३ साली हंगेरीच्या झोल्तान क्लेमेंट यांनी ही युक्ती शोधली, रोगकारक जंतूचं दाट पाणी तंबाखूच्या पानात दाबलं की एक-दोन दिवसांत तेवढाच चट्टा कागदासारखा सुकतो. तंबाखू त्याला ओळखून जागेवर गाडतो. भगव्याकडे तेल्याला असा गाडणारा बंदोबस्त नाही, म्हणून आपली सगळी भिस्त पहिल्या फळीवर. इगतपुरी-त्र्यंबककडच्या भातवाल्यांसाठी एक ओळ, कडा करप्याला रोखणारा एक्सए-२१ हा जीन आफ्रिकेतल्या रानटी भातातून आला, १९९५ साली पामेला रोनाल्ड यांच्या लॅबनं तो वेगळा काढला, आणि तोही पेशीच्या पडद्यावरचं नाकच निघालं. प्राण्यांच्या शरीरातली अशीच नाकं शोधल्याबद्दल २०११ चं नोबेल मिळालं, पण भातातलं नाक त्याच्याही आधी सापडलं होतं.

आता बाटली. इम्युनिटी वाढवणारे म्हणून जे विकतात त्यात काही खरे आहेत. सॅलिसिलिक ॲसिड हा झाडाचाच निरोप आहे, एका पानात लढाई झाली की त्याच्या जोरावर बाकीची पानं सावध होतात. ॲसिबेन्झोलार त्याचीच नक्कल करतं. कायटोसान, सीवीड वगैरेंचा थोडाफार उपयोग दिसतो, पण प्रत्येक बाटलीत काय आणि किती आहे हे लेबलवर लिहिलेलं नसेल तर घेऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

खरी मेख वेळेची आहे. त्याच २००४ च्या कामात असंही दिसलं की शेपटीचा तुकडा एक दिवस आधी देऊन मग जंतू दिला तर रोप वाचतं, जंतूची वाढ कितीतरी कमी होते. आधी दिला तर. डाग दिसायला लागल्यावर झाडाला जागं करून उपयोग नाही कारण तोपर्यंत सिरिंज टोचलेली आहे, निरोपाच्या तारा कापलेल्या आहेत. बहुतेक शेतकरी बाटली आणतात ती मात्र डाग दिसल्यावर. पैसे जातात, आणि वर इम्युनिटी वगैरे थोतांड आहे असा समज होऊन बसतो, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे ह्याची किंमत झाड वाढीतून मोजतं. सतत शेपटीचा तुकडा दिलेली रोपं खुजी राहतात, हे प्रयोगात स्पष्ट दिसतं. दर आठ दिवसांनी इम्युनिटीचा फवारा मारणारे आहेत, फळ फुगत नाही म्हणून परत माझ्याकडेच येतात. झाडाला वर्षभर बंदूक ताणून उभं ठेवलं तर ते फळ कशाच्या जोरावर पोसेल? शिवाय उष्णतेत, अठ्ठावीस-तीस अंशाच्या वर, सॅलिसिलिकचा हा रस्ता मंदावतो हे अरॅबिडॉप्सिसवर दिसलंय, आणि तेल्याच्या जंतूला नेमकी तीच ऊब आवडते. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडावर झाड आधीच मागे पडलेलं असतं.

म्हणून तुमच्या चार एकरांपुरतं सांगतो. ह्या वर्षी मृग सोडा, बागेला विश्रांती द्या आणि हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरताना धरायचा बहार, धरा, फळ कोरड्या हवेत पोसलं जाईल, दारं लावायला झाडाला हवा साथ देईल. रोगट काड्या डागाच्या दोन इंच खालून काढा, कोरड्या दिवशी, पान ओलं असताना बागेत कुणालाच सोडू नका. कापलेल्या जागी त्याच दिवशी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, कारण ती जखम म्हणजे दार नसलेली भिंत आहे. पडलेली पानं-फळं गोळा करून जाळा, शेतात कुजवू नका. सॅलिसिलिक घ्यायचंच तर छाटणी-पानगळीच्या आधी, बाग स्वच्छ असताना, लेबलवरच्या मात्रेत, आणि फळ फुगताना थांबा. गारपीट झाली तर त्याच दिवशी, पान वाळलं की लगेच, कॉपर. तिथे बाटलीची वाट बघू नका, कारण गारेनं हजार दारं फोडलेली असतात आणि झाडाला ती बुजवायला वेळ लागतो.

पानं पाठवायची असतील तर ओल्या फडक्यात गुंडाळू नका, वाटेत कुजतात आणि मग कुजीचेच जंतू दिसतात. वर्तमानपत्रात कोरडी ठेवून सकाळच्या पहिल्या एसटीनं पाठवा, ताजा डाग असेल तर लोट दिसतोच.